लाल गोळीतली पांढरी पूड

आईचं रक्त कमी झालं होतं. आष्ट्याच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. कुपवाडच्या ज्या कारखान्यात मी केमिस्ट आहे, तिथंच त्या तयार होत. मोठ्या हौशीनं मीच पाकीट घरी नेलं. आईनं लाल गोळी तळहातावर घेतली.

"ह्यात काय काय घातलंया?"

"लोह."

"आनि?"

आम्ही जैन. आईनं जन्मात बटाटा खाल्लेला नाही. तिच्याशी खोटं बोलणं मला जमलं नसतं. गोळीला आकार देणारं, बांधून ठेवणारं, पोटात गेल्यावर फोडणारं, सगळं सांगत गेले. स्टार्च मक्याचा आहे म्हटल्यावर तिनं मान डोलावली. मग आलं मॅग्नेशियम स्टिअरेट. मिश्रण यंत्राला चिकटू नये म्हणून अगदी थोडी घालतात ती मऊ पांढरी पूड. ती वनस्पती तेलापासून होते, तशी प्राण्यांच्या चरबीपासूनही होते.

"तुमची कशाची?"

"विचारावं लागेल."

"मग इचार. तवर मी न्हाई घेनार."

लोहाच्या पातळ औषधानं तिला मळमळायचं. जिना चढताना ती मध्येच बसू लागली. आणि पूड पुरवणाऱ्याला तर ठाम काही सांगता येईना. मी मालकांकडे गेले.

"चिमूटभर पुडीसाठी चाललेलं औषध बदलायचं?" ते म्हणाले.

"साहेब, आपल्या भागात किती घरांत गोळी अशीच पडून राहत असेल!"

त्यांनी गोळ्यांचं एक पाकीट उचलून पाहिलं. मग म्हणाले, "एक लहान बॅच करा. बिघडली तर विषय बंद."

वनस्पती तेलापासूनची पूड आली. पहिल्या गोळ्या दिसायला देखण्या, पण पाण्यात टाकल्या तर दगडासारख्या तशाच राहिल्या. पुडीचं प्रमाण घटवलं, तर मिश्रण गोळ्या दाबणाऱ्या ठशांना चिकटलं. यंत्र चालवणारे मामा म्हणाले, "मॅडम, ठसं पार बुजलं बघा." मालकांनी आणखी एकच संधी दिली.

मी जुनी आणि नवी पूड बोटांत चोळून पाहिली. नवी कितीतरी बारीक होती. जास्त वेळ घोळली की ती कणाकणावर तुपासारखी बसत होती आणि पाण्याला आत शिरू देत नव्हती. म्हणजे प्रमाण नव्हे, घोळण्याचा वेळ चुकत होता! प्रमाण पहिलंच ठेवलं, पूड चाळून अगदी शेवटी घातली आणि मिश्रण थोडकंच फिरवलं.

यंत्र सुरू झालं. ठसे स्वच्छ राहिले. मी पाण्यात गोळी सोडली. कडा सैल झाल्या, मग सगळी गोळी भसकन पसरली.

"फुटली की वो!" मामा ओरडले. पॅकिंगच्या बायका धावत आल्या. मालकांनी स्वतः दुसरी गोळी टाकून पाहिली आणि हसून म्हणाले, "जिंकलात."

तपासण्या, परवानग्या यांत बरेच महिने गेले. तोवर आईनं नाक मुरडत पातळ औषधावर भागवलं. नव्या गोळ्यांचं पहिलं पाकीट मी तिच्या हातात दिलं. तिनं काही न विचारता गोळी तोंडात टाकली. मला रडू फुटलं.

पुढच्या तपासणीत रक्त चांगलंच वाढलं होतं. परवा बस्तीतून, आमच्या जैन मंदिरातून, येताना आई दोघी मैत्रिणींना घेऊन आली. जिना न थांबता चढली आणि दारातूनच म्हणाली, "हीच माझी लेक, गोळी बदलनारी. बाळ, ह्यास्नी कॅप्सुलीचं वरचं कवच कशाचं असतंया ते इचारायचं हाय."

मी चहाचं आधण ठेवलं.