दोडक्यातलं मीठ

खानावळीत दिवस काढलेल्या माणसाजवळ दुसरी इस्टेट नसते, पण किस्से मात्र चिक्कार साठतात. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागून दुसरा पाटावर येऊन बसतो. आम्ही जुने मेंबर पूर्वी कुठं भेटलो की तेच तेच सांगायचो आणि पुन्हा तसेच हसायचो. आता ड्रॉइंग मास्तर गेले, बापूही गेला. एकट्यानं आठवून हसायला कसंतरीच वाटतं, म्हणून तुम्हाला सांगतो.

लढाईच्या दिवसांतलं सगळं. मी आटपाडीकडचा. आई लहानपणीच गेली, चुलतीनं वाढवलं. आमच्याकडं पाऊस नाही, त्यामुळं भाजीही नाही. हुलगा, मटकी आणि वाळवलेली गवार यांच्यावर मी मोठा झालो. सांगलीत हळदीच्या एका अडत्याकडं कारकून म्हणून लागलो आणि आक्कांच्या खानावळीत आलो. सोप्याच्या बाजूला एक खोली होती, तिथं आम्ही तिघं राहायचो. मी, शाळेतले ड्रॉइंग मास्तर आणि लोणंदचा बापू. बापू मोटार सर्व्हिसवर क्लीनर होता.

आक्का जैन, विधवा. कांदा, लसूण, बटाटा घरात यायचा नाही, वांगंसुद्धा नाही. दिवस मावळला की चूल बंद. तरी गावातले सडेफटिंग तिथंच जेवायला यायचे, कारण बाजारात त्या दिवशी जे कोवळं असेल ते आक्कांच्या टोपलीत असायचं, आणि उरलेलं त्यांच्या घरामागच्या परड्यात पिकायचं. चाकवत कधी येतो, अंबाडी कधी, हे मला पहिल्यांदा आक्कांच्या ताटात कळलं.

त्यांचा एकुलता मुलगा भूपाल लष्करात मोटार ड्रायव्हर होऊन गेला होता. ब्रह्मदेशाकडं गेला एवढं कळलं, पुढं काहीच नाही. जाण्याआधी त्यानं परड्याच्या कुंपणाला दोडक्याचा वेल लावला होता. आक्का दरवर्षी एक दोडका वेलावरच वाळू द्यायच्या आणि पुढच्या पावसाला त्याचंच बी लावायच्या.

* * *

मी आलो त्याच श्रावणातली गोष्ट. एके दिवशी पानात भरला दोडका आला, शेंगदाण्याचा कूट आणि गूळ घालून केलेला. पहिला घास घेतला आणि जीभ पोळल्यासारखी झाली. इतका खारट! पण आक्का वाढायला समोर उभ्या. मास्तर गप्प, बापू गप्प, मी नवा म्हणून जास्तच गप्प. प्रत्येकजण एक घास खायचा आणि तांब्याला हात घालायचा.

जेवणं उरकली. आक्का पाणी घ्यायला गेल्या आणि परत येऊन आमच्याकडं बघत उभ्या राहिल्या.

"दोडका खारट झालाय ह्ये तुमी कुणी सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "घागरीनं सांगितलं."

मास्तरांनी चाचरत विचारलं की आक्का, तुम्ही चाखून बघत नाही का. तेव्हा कळलं. भूपालला दोडका जिवापाड आवडायचा, म्हणून तो परत येईपर्यंत आक्कांनी दोडका सोडला होता. तसा नियमच घेतला होता त्यांनी. आता दोडका ही भाजी अशी की चिरताना टोपलीभर दिसते आणि शिजली की आळून ओंजळभर होते. चाखल्याशिवाय मीठ घालणाऱ्याची फजिती ठरलेलीच. मग करताच कशाला, असं बापूनं विचारलं. आक्का म्हणाल्या, वेलाला लागतोय तो काय टाकून द्यायचा? आणि माझ्या नियमापायी तुम्ही का उपाशी राहायचं?

* * *

तेव्हापासून मीठ बघायला माणूस नेमायचं ठरलं. पहिला मान वयानं मोठे म्हणून मास्तरांचा. पण मास्तरांच्या गालात तंबाखू कायमची मुक्कामाला. त्यांनी चाखून "उत्तम" म्हटलं त्या दिवशी भाजीत मीठ घालायचंच राहिलं होतं.

मग बापू. बापू पहाटेपासून मोटारीला हँडल मारून आलेला असायचा. त्याला कच्चा दोडका दिला असता तरी "लय झ्याक" म्हणाला असता. आक्कांनी एकदा मुद्दाम नुसतं गरम पाणी पुढं केलं. बापू म्हणाला, "झ्याक हाय. जरा पातळ झालंय."

उरलो मी. मला आत स्वयंपाकघरात जायची परवानगी नव्हती. उंबऱ्याच्या अलीकडं उभं राहायचं, तळहात पुढं करायचा आणि आक्का पलीकडून चमच्यानं थेंबभर रस सोडायच्या. हात पोळायचा. पण दोडका असेल त्या सकाळी आतून "मीठ बघ ये रं" अशी हाक आली की मला फार बरं वाटायचं. घरातून आपल्याला कुणी हाक मारावी, अशी सवय मला नव्हती.

* * *

पुढच्या हिवाळ्यात आक्कांनी घेवडा सोडला. त्याच्या पुढच्या वर्षी वरणा, म्हणजे पावट्यासारखी शेंग. दोन्ही भूपालच्या आवडीचे. बापूनं हिशेब मांडला की भूपाल लवकर आला नाही, तर आक्का नुसत्या भाकरीवर येणार.

बाजारातली माळीण तर हैराण. एकदा मी टोपली धरून आक्कांच्या मागं उभा होतो. माळीण म्हणाली, "आवं आक्का, सोडायचंच तर कारलं सोडा की. कुणाला आवडतंय कारलं?"

आक्का वरण्याच्या शेंगा निवडत म्हणाल्या, "नावडतं सोडून भागलं असतं, तर मी ही लढाईच सोडली नसती का?"

माळणीनं वर मूठभर शेंगा जास्त टाकल्या. 

* * *

बापूला मात्र कांद्यावाचून चैन पडायचं नाही. कृष्णाकाठच्या गाळाच्या मळीतली वांगी बाजारात दिसू लागली की तो वेडापिसा व्हायचा. एका रविवारी आम्ही दोघं नदीकाठी गेलो, काटक्या पेटवल्या, वांगी भाजली, कांदा फोडला आणि भाकरीबरोबर मनसोक्त चापलं. मग नदीत हातपाय धुतले, तोंडात बडीशेप कोंबली आणि साळसूदासारखे येऊन पाटावर बसलो.

आक्कांनी वाढलं. आमच्या पानातलं काही हलेना. त्या आत गेल्या. आम्हाला वाटलं, निभावलं.

ताक घेऊन बाहेर आल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "वांग्यात मीठ बरूबर हुतं का?"

खोटं बोलायचा धीर झाला नाही. मी म्हटलं, "कमी हुतं, आक्का."

"मग चाखायला कोण गेला हुता?" एवढं बोलून त्या ताक वाढू लागल्या.

* * *

संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत. परड्यात एक शेवग्याचं झाड होतं. त्याच्या शेंड्यावर ऊन आहे तोवर आक्का वाढणार, ऊन गेलं की बंद. बापूची मोटार कधी वेळेवर यायची नाही. बिचारा धावत यायचा आणि शेंड्याकडं बघून परत खोलीत जाऊन पडायचा.

एकदा तो आला तेव्हा ऊन आहे की गेलं यावर वाद झाला. आक्का म्हणाल्या गेलं, बापू म्हणाला आहे. त्यानं सरळ झाडावर चढायला सुरुवात केली. शेवग्याचं लाकूड किती ठिसूळ असतं, हे लोणंदच्या माणसाला ठाऊक नसावं. फांदी कडकन मोडली आणि बापू शेंगांसकट खाली आला. ढोपरं फुटली. आम्ही धावलो.

आक्कांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा वर बघितलं. आता तर स्वच्छ अंधारून आलं होतं.

"तू पडलास तवा ऊन हुतं," त्या म्हणाल्या. "चल, बस पानावर."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना शेवग्याच्या शेंगांची आमटी झाली. बापूनं ती उभ्यानं खाल्ली.

* * *

दिवाळीला सगळे मेंबर आपापल्या गावी जायचे. चुलती वारल्यावर मला गाव असं राहिलं नाही, म्हणून मी इथंच. एवढं मोठं घर आणि आत दोन माणसं. तरी आक्का घेवडा करायच्या आणि तरी हाक यायची. मी एकटा पाटावर, त्या समोर भिंतीला टेकून बसलेल्या. त्यांच्या ताटात भाकरी आणि ताक.

दारात कुणाची पावलं वाजली की त्यांची मान वळायची. मी वाट बघावी असं माझं कुणी नव्हतं, म्हणून मीही भूपालचीच वाट बघायला शिकलो. तो यावा असं अगदी मनापासून वाटायचं. आणि तो आला की मला तळहात पुढं करायला कोण सांगणार, हेही वाटायचं.

उन्हाळ्यात सोडलेल्यांपैकी एकही भाजी बाजारात नसायची. आक्का आपलं आपण चाखायच्या. ते महिने मला फार लांब वाटायचे.

* * *

लढाई संपली आणि भूपाल आला तो नेमका उन्हाळ्यातच. वाळलेला, काळवंडलेला, पण हसरा. आक्कांनी ठरवलं होतं की भूपालच्या ताटातला पहिला घास घेऊनच दोडका, घेवडा, वरणा पुन्हा सुरू करायचा. त्या टोपली घेऊन बाजारात गेल्या आणि रिकामी टोपली घेऊन परत आल्या. माळणीकडं कैऱ्या, काकड्या आणि तेच कारलं.

भूपाल हसून म्हणाला, "आई, वेल लावू. पावसाळ्यात दोघं मिळून खाऊ." त्यानं स्वतः आळं केलं आणि वाळलेल्या दोडक्यातलं बी लावलं.

घर भरल्यासारखं झालं. आतून दोघांच्या बोलण्याचा आवाज यायचा. मी पाटावर बसून ऐकायचो. हाक येत नव्हती आणि यायचं कारणही नव्हतं.

वेल कुंपणापर्यंत चढला नाही तोच भूपालला पुण्याच्या मोटार वर्कशॉपात नोकरी लागली. लगेच हजर व्हा म्हणाले. आक्कांनी दशम्या बांधून दिल्या. आक्का आणि आम्ही तिघं त्याला स्टेशनवर पोचवून आलो. मास्तर वाटेत आक्कांना म्हणाले की मुलगा सुखरूप आला, नियम फळाला आला, आता खुशाल सगळं खा. आक्कांनी मान डोलावली.

श्रावणात वेलाला दोडके लागले. पहिल्या दिवशी आक्कांनी कोवळे बघून तोडले, शिरा काढल्या, कूट आणि गूळ भरला. वास सोप्यापर्यंत आला. मी कामावर निघण्याच्या बेतात टोपी शोधत होतो.

"मीठ बघ ये रं."

मी उंबऱ्याशी गेलो. आक्का पलीकडं चमचा घेऊन उभ्या होत्या.

मी म्हटलं, "आक्का, आता तुमास्नी चाखायला चालतंय की."

"चालतंय," आक्का म्हणाल्या. "हात पुढं कर."