पातळ भिंतींची खोली

सुट्टीला जाताना लोक काय विचारतात? खिडकीतून पाणी दिसतं का, आंघोळीला गरम मिळेल का. इस्त्रीबाईने लॉजच्या मॅनेजरला फोनवर विचारलं, भिंती पातळ आहेत का. तो बिचारा वरमला. सात नंबरला मधे नुसती फळी आहे, शेजारचं खोकणंसुद्धा ऐकू येतं, पण भाडं कमी करून देतो, असं म्हणाला. भाडं राहू दे, तीच द्या, फक्त शेजारची खोली भरलेली असू दे, असं बजावून तिने चार दिवसांचं बुकिंग करून टाकलं.

ती रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती, म्हणून सगळे तिला इस्त्रीबाई म्हणत. हात असा बसलेला, की तिने घडी केलेल्या कोटावर सुरकुती औषधालाही सापडायची नाही. तिच्या स्वतःच्या अंगावर मात्र धड जागा शोधावी लागे. नवरा बस कंडक्टर. एकोणीस वर्षांत त्याने तिची दोन बोटं, एक दात आणि एक बरगडी मोडली होती. हाच माणूस बसमध्ये म्हाताऱ्यांना हात धरून उतरवायचा. परक्यांसमोर तो साखरेत घोळल्यासारखा वागे. ओळखीच्यांची लाज त्याने केव्हाच सोडली होती. हे तिने बरोबर हेरलं होतं. फळीपलीकडे परकी माणसं खोकत राहिली, तर चार दिवस मार चुकणार होता. सतरा वर्षांच्या लेकीला असे चार दिवस एकदा तरी दाखवायचे, एवढीच तिची सहल होती.

पण बाई कितीही हुशार असली तरी सवय सुटत नाही. बुकिंगला नंबर कुणाचा टाकू, असं मॅनेजरने विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून नवऱ्याचाच नंबर गेला. घरातल्या प्रत्येक कागदावर तोच असायचा.

निघायच्या दिवशी सकाळी ती टेबलावर चादर पसरून शेवटच्या कपड्यांना इस्त्री करत होती. लेक बॅग भरत होती. मॅनेजरचा फोन बाहेरच्या खोलीत नवऱ्याला आला. शेजारी एक कुटुंब उतरलंय, बाईंना तेवढं सांगा, इतकाच निरोप. कंडक्टरने गोड बोलून सगळं काढून घेतलं, आभार मानले आणि खोली रद्द केली.

"ऐकायला माणसं हवीत होय तुला?" तो आत येत म्हणाला. "आमच्या साहेबांचं तळ्याकाठी घर आहे. मैलभर कुत्रं फिरकत नाही. तिथे जायचं."

ती काही बोलायच्या आत त्याने तिचे केस धरून डोकं कपाटावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. भुवई फुटली आणि रक्त नुकत्याच इस्त्री केलेल्या त्याच्या शर्टावर पडलं. शर्ट खराब केला म्हणून पोटात लाथ बसली. यात तिला नवीन काही नव्हतं. ती गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिली. पण लेक मधे आली. मी येणार नाही, असं ती आवाज न चढवता म्हणाली. त्याने तिचा गळा धरून तिला भिंतीवर रेटलं. पोरीच्या टाचा जमिनीवरून सुटल्या.

इस्त्रीबाई उठली. तिने फार विचार केला असं म्हणणं खोटं होईल; हाताने रोज जे उचलायचं तेच उचललं. लेकीच्या गळ्यावरच्या मनगटावर तिने तापलेली इस्त्री टेकवली आणि जाड कापडावर धरतात तशी दाबून धरली. कातडी चरचरली. तो गुरासारखा ओरडला, वळला, तशी तिने इस्त्रीचं टोक त्याच्या जबड्यावर हाणलं. तो खाली कोसळून कण्हू लागला. तिला आनंद झाला. इतका, की तिसऱ्यांदा उचललेला हात तिने मोठ्या कष्टाने आवरला.

दार धडधडलं. लेकीने खोकत जाऊन उघडलं. शेजारचे, समोरचे, वरच्या मजल्यावरचे, झाडून सगळे दारात उभे. एकोणीस वर्षांत यातलं कुणी एकदाही आलं नव्हतं. त्याच्या एका किंकाळीला मिनिटभरात जिना भरला.

"अगं, काय केलंस हे?" शेजारच्या वहिनी म्हणाल्या. "जीव गेला असता ना त्याचा."

"वहिनी, म्हणजे ऐकू येतं तुम्हाला," ती म्हणाली.

वहिनी खाली बघू लागल्या. बाकीचेही. तिने इस्त्रीची पिन काढली, कपाळावर रुमाल दाबला, बॅग उचलली आणि लेकीला चपला घालायला सांगितलं. माणसांनी बाजूला होऊन दोघींना वाट दिली.