उमाताईंचे इंग्रजी उखाणे

मेथी अर्धी निवडून झाली होती, तेवढ्यात बकुळा उमाताईंच्या दारात आली. तिची उद्या मुलाखत होती. उमाताईंनी परात माझ्याकडे सरकवली.

उमाताई लग्नाआधी बदलापूर गावात शाळेवर होत्या. लग्न होऊन आमच्या बुवापाड्यात आल्यावर गुरुवारची दत्ताची आरती झाली की देवळाच्या ओसरीवर आम्हा बायकांना बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवायच्या. सुटा शब्द पाठ करायचा नाही, जोडी करायची. 'टी'चं 'मेक'शी लग्न लागलंय, 'बाथ'चं 'टेक'शी. का, ते विचारायचं नाही. आपल्या वेळी आपल्याला कुणी विचारलं होतं? जोड्या लक्षात राहाव्यात म्हणून त्या उखाण्यात बसवायच्या आणि प्रत्येकीने आपल्या नवऱ्याचं नाव घालायचं.

बकुळेच्या नवऱ्याची, हरिचंद्रची कंपनी दिवाळीपासून बंद होती. अंबरनाथच्या एका बालवाडीत मुलांशी इंग्रजीत बोलणारी बाई हवी होती. हे जमलं नाही तर दोघांना बिऱ्हाड मोडून गावी जावं लागणार होतं. उमाताईंनी दुपारभर तिच्याकडून घोटून घेतलं. मेथी मी संपवली.

बालवाडीच्या हेडबाई उल्हासनगरच्या सिंधी. मुलाखतीत त्यांनी पहिलंच विचारलं, हजबंडचं नाव काय?  नवऱ्याचं नुसतं नाव बकुळेने जन्मात घेतलं नव्हतं. पुन्हा विचारल्यावर तिने डोक्यावरून पदर घेतला.

"वॉश युवर हँड्स, ओपन युवर टिफिन, ईट युवर बिस्किट, हरिचंद्ररावांचं नाव घेते, काढून बदलापूरचं तिकीट."

 हेडबाई म्हणाल्या, "और आता है?"

बकुळेला असे उखाणे पुष्कळ येत होते. नोकरी लागली.

पुढे पोरं घरोघरी डबा उघडताना हरिचंद्ररावांचं नाव घेऊ लागली. एका मुलीचे वडील शाळेत चौकशीला आले, हे गृहस्थ कोण म्हणून. हेडबाईंनी बकुळेला बजावलं, हे नाव बंद, नाहीतर उद्यापासून येऊ नका.

बकुळा तशीच उमाताईंकडे आली. "ताई, नाव गाळलं की मला पुढचं आठवतच नाही."

"मग बाप्पाचं घाल," उमाताई म्हणाल्या. "तो कोण, हे विचारायला कुणी येणार नाही."

हेडबाईंना ते पटलं. फक्त अधूनमधून सिंध्यांच्या देवाचं, झूलेलालचंही नाव घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं. आता देवाचं नाव घ्यायचं तर आधी ओळख हवी, असं उमाताईंचं मत. म्हणून उद्या सकाळी त्या उल्हासनगरला, झूलेलालच्या देवळात नारळ घेऊन चालल्या आहेत.