पंख्याचा पंचनामा

आमच्या साडूभाऊंच्या मते जगात कोणतीच वस्तू आपोआप बिघडत नाही. कुणीतरी ती बिघडवतं. पोलीस खात्यात उभा जन्म तपासात गेलेला माणूस निवृत्त होतो, त्याचा संशय निवृत्त होत नाही. त्यांच्या घरी मिक्सर बंद पडला तर आधी घरातल्या प्रत्येकाचा जबाब होतो: शेवटचा हात कुणाचा लागला, भांड्यात काय होतं, आधी आवाज आला की वास. एकदा ते आमच्याकडे मुक्कामाला असताना गिझर थंड पडला. माझी बायको इलेक्ट्रिशियनला फोन लावणार, तोच यांनी बाथरूमच्या दाराशी खुर्ची टाकली आणि तिला विचारलं, "सुमन, काल तुझं आणि गिझरचं काही वाजलं होतं का?" तासभर सगळ्यांची उलटतपासणी झाल्यावर निष्पन्न झालं की दिव्याचं समजून गिझरचं बटण त्यांनीच बंद केलं होतं. दुसऱ्या कुणी विषय बदलला असता. साडूभाऊंनी जागच्या जागी गुन्हा कबूल केला आणि स्वतःला दिवसभर चहा बंद अशी शिक्षा ठोठावली. "यंत्र खोटं बोलत नाय साडूभाऊ," ते मला नेहमी सांगतात, "माणसं जबाब फिरवतात. आरोपी घरचा असला तरी सोडायचा नाय." या सगळ्या तपासांत पंच म्हणून कायम मी.

त्यांची गाडी जुनी, पण लाडकी. पहाटे ते आणि अक्का, म्हणजे सुमनची थोरली बहीण, या गाडीतून गंगापूर धरणाकडे जायचे आणि थर्मासमधला चहा गाडीतच बसून प्यायचे. गेल्या वर्षी दसरा झाला आणि थोड्याच दिवसांत अक्का गेली. साडूभाऊंनी धरणावर जाणं सोडलं नाही. थर्मासही तोच. थंडी पडली आणि नेमका गाडीच्या हीटरचा पंखा बंद पडला. आपल्या नाशकातली पहाटेची थंडी म्हणजे काच आतून पार पांढरी होते. एका हाताने काच पुसत चालवताना त्यांनी गाडी रस्त्याकडेच्या दगडाला घासली, आणि पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलीने, मीनलने, निर्वाणीचं सांगितलं, "पप्पा, रविवारी मी निघायच्या आत पंखा चालला नाही, तर गाडी विकायची."

झालं, तपास सुरू झाला. गॅरेजवाल्याला अर्थातच मज्जाव. फ्यूज काढून उन्हात धरला; तो निर्दोष सुटला. बॅटरीच्या वायरी तपासल्या. गाडी धुणाऱ्या माणसाला दोनदा बोलावून चहा पाजून प्रश्न विचारले. तिसऱ्यांदा तो आपण होऊनच आला, चहासाठी. बटण फिरवलं की आत नुसतं गुणगुणायचं, वारा नाही. "करंट पोचतोय," साडूभाऊ म्हणाले, "पंखा आतून कुणीतरी धरून ठेवलाय." एवढं कळल्यावरही ते बॉनेट उघडायचे, ड्रायव्हरच्या बाजूला वाकायचे आणि उठायचे. रविवार उजाडला तरी तेच.

पंखा डाव्या बाजूला असतो, पुढच्या खणाच्या मागे, हे मलादेखील ठाऊक होतं. ती सीट अक्काची. तिची शाल अजून तशीच सीटवर पडलेली, आणि ते दार त्यांनी एकदाही उघडलेलं नव्हतं. मी हळूच म्हणालो, "साडूभाऊ, एवढीच जागा राहिली."

त्यांनी ते दार उघडलं. शालीची घडी घालून मागे ठेवली आणि अक्काचे पाय असायचे त्या जागेत आडवे होऊन त्यांनी स्क्रू काढले. पंखा खाली आला तसा झेंडूच्या वाळक्या पाकळ्यांचा ढीग त्यांच्या छातीवर पडला. दांड्याला पांढरा दुहेरी दोरा करकचून गुंडाळलेला.

अक्काला विकतचा हार चालायचा नाही. माहेर मखमलाबादचं, फुलांच्या मळ्यातलं. दसऱ्याला गाडीसाठी ती मनगटाएवढा जाड हार स्वतः ओवायची आणि काचेखालच्या जाळीवर अंथरायची. चार दिवस तो काढू द्यायची नाही. तिथूनच पाकळ्या आत गेल्या, मागोमाग दोरा. कात्रीने एका क्षणात सुटला असता. साडूभाऊंनी तो बोटांनी, एकेक वेढा करत सोडवला. मी उगाच स्क्रू मोजत बसलो.

पंखा बसवला, बटण फिरवलं. ऊबदार वारा आला आणि त्याला झेंडूचा जुना, कडवट वास होता. ओट्यावरून मीनल ओरडली, "लागला वाटतं! काय निघालं हो पप्पा? कुणाचा प्रताप?"

साडूभाऊंचा हात शर्टाच्या खिशावर गेला. दोरा तिथे होता.

"कुणाचा नाय गं," ते म्हणाले, "धूळ होती नुसती."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंच होतो. "धूळच," मी म्हणालो.