नेक्स्ट कोन्या गावचा?

माझं जे काही झालं ते कमलताईंमुळे. हे आधीच सांगते, कारण तीन आठवड्यांपूर्वी चुडाव्याहून त्यांच्या भाच्याचा फोन आला, "मावशी गेली," तेव्हा त्याला एवढं सांगायचंही राहून गेलं. इथे बडोद्यात मी वेबपानं तयार करते. नववीत शाळा सुटलेली बाई हे करते, यावर अजून माझाच नीट विश्वास बसत नाही.

विद्यापीठाचं नामांतर झालं, त्याच्या आधीचा कापसाचा हंगाम. सेलूच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मागच्या खोलीत संगणक होता आणि खिडकीत बाहेरच्यांना दिसेल असा नुसता त्याचा पडदा, म्हणजे स्क्रीन. कोणाच्या गाडीचा नंबर लागला ते संगणक मागेच ठरवायचा. पडद्यावर फक्त नाव आणि गाव उमटायचं. संगणकाला लिहून दिलेल्या ओळींना तो चालवणाऱ्या कमलताई 'हुकूम' म्हणायच्या. मी सोनपेठची, टायपिंग येतं एवढ्यावर त्यांच्या हाताखाली आलेली. चौथ्याच दिवशी हुकूम टाइप करताना माझं एक चिन्ह सुटलं. संगणकाने हुकूम पाळायच्या ऐवजी तो साधा मजकूर समजून जसाच्या तसा पडद्यावर पाठवला; नावाच्या जागी हुकमातला 'नेक्स्ट' हा शब्दच दिसायला लागला. बाहेर गलका उठला.

"ओ ताई, ह्यो नेक्स्ट कोन्या गावचा हाय? कवापासून त्याचाच नंबर लागायलाय! आमी काय बैलं घेऊन शोभंला उभे हाव का?"

मॅनेजर आत आले. "शिक्षण किती हिचं?" मला वाटलं, संपलं, आता संध्याकाळची एसटी. कमलताई शांतपणे म्हणाल्या, "चूक तिची हाय, साहेब. दुरुस्त बी तीच करील. तवर नावं मी पुकारते." आणि वही घेऊन गाड्यांमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. मी एकेक ओळ बोट ठेवून तपासत गेले. चिन्ह सापडलं, पडद्यावर नाव उमटलं, आणि बाहेरून त्यांचा आवाज आला, "चला, नेक्स्टराव गेले एकदाचे गावाला!"

नंतर चहा पिताना एवढंच म्हणाल्या, "हुकूम आपल्यापाशी ठिवायचा गं. मानसाला त्याचं नाव दिसलं पायजे, बस."

आजही माझ्या पानांचं सगळं काम सर्व्हरवरच, म्हणजे आमच्यापाशीच्या संगणकावर होतं. वाचणाऱ्याच्या फोनला तयार पान मिळतं. "वाचणाऱ्याच्या ब्राउझरकडून करून घ्या की," ऑफिसातली पोरं हसतात. मी मात्र प्रत्येक पान आधी ब्राउझरमधली स्क्रिप्ट, म्हणजे तिथे चालणारे हुकूम, बंद करून, जुन्या फोनवर उघडून बघते.

माझ्या शेजारी कधीतरी अशीच घाबरलेली, अर्ध्यात शाळा सुटलेली मुलगी येईल. चुकेल, नक्की चुकेल. तेव्हा दुरुस्ती तिच्याच हातात ठेवून लोकांची बोलणी ऐकायला मी बाहेर जाईन. कमलताई, तुमचं एवढं मी फेडणार.