लाटण्याचा फटका

आज मंडईत पन्नाशीच्या दोन बायका एकमेकींच्या झिंज्या धरून लोळत होत्या. "माझ्या भावाला तोडलंस, सटवे!" म्हणत एकीने हातातला नारळ वहिनीच्या पाठीत हाणला. लोक हसत होते. तो भाऊ पिशवी धरून शेजारीच उभा होता.

मी त्याच्याकडेच पाहत राहिलो. अशा भांडणात रक्त बायकांचं निघतं आणि मधला पुरुष कोरडा घरी जातो.

माझ्या बायकोने, कुसुमने, माझ्या बहिणीचं, विमलचं, मनगट लाटण्याने मोडलं होतं, तेही भाऊबिजेच्या दिवशी. गावाने कुसुमला कजाग ठरवलं. खरं असं की, 'विमल तुला वांझोटी म्हणते' हे कुसुमला मीच सांगायचो आणि 'वहिनीला तू घरात नकोस' हे विमलला. दोघीही तसं कधी बोलल्या नव्हत्या. त्या माझ्यावरून भांडल्या की मला बरं वाटायचं.

घरी येऊन आज कुसुमला हे सगळं सांगितलं.

"अहो, ते मला त्या भाऊबिजेच्या आधीच कळलं होतं," ती म्हणाली. "पण तुमच्यावर हात कसा उचलणार? विमल समोर होती."