न मोडलेलं दही

आमच्या फ्रिजच्या दाराचं रबर सैल झालं, म्हणून दुकानात गेले होते. तिथे माझ्याच वयाचं एक जोडपं गाडीत बसवायला फ्रिज निवडत होतं. गाडी म्हणजे त्यांचं चाकांवरचं घर. डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांनी जायचं, वाटेल तिथे मुक्काम करायचा. बाई फ्रिजच्या कडीला हिसके देऊन बघत होत्या आणि इकडे माझ्या पोटात दुखायला लागलं.

"खड्ड्यांतून गेलो तर दार उघडणार नाही ना?" त्यांनी विचारलं.

"घाट उतरा, ओढे ओलांडा, काही होत नाही," दुकानदार म्हणाला.

"आणि आत ठेवलेलं दही?"

"दह्याचं नाही सांगू शकत, ताई. ते मोडणारच."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बाई मात्र हसल्या. "मग ताक पिऊ!" म्हणाल्या आणि तोच फ्रिज घेतला.

घरी आले. आमचा फ्रिज वीस वर्षं त्याच कोपऱ्यात, डोक्यावर क्रोशाचा रुमाल घेऊन उभा आहे. रंगकामाच्या वेळी भिंतीपासून दोन फूट पुढे आला, तेवढाच त्याचा प्रवास. आत सकाळचं दही होतं, वड्या पाडाव्यात इतकं घट्ट. माझ्या दह्याचं सासरी फार कौतुक. कुणी विचारलं तर मी सांगते, विरजण लावलं की भांडं जागचं हलवायचं नाही, बस.

त्या दह्याकडे मी बराच वेळ बघत राहिले. मग भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि गदागदा हलवलं.